कागदी घडीचे कूळ आणि मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. शोधायला निघालेल्याची बहुधा निराशा होते, असा तिचा रोख. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही म्हण पाळून कसे चालेल? आज आपण एका अगदी साध्या गोष्टीचे कूळ शोधणार आहोत. ती गोष्ट म्हणजे कागदाची घडी.

पहिला पाऊस पडला की वहीचे पान फाडून त्याची होडी करायची, हे कोणत्याही शाळेत शिकवावे लागत नाही. थोरल्या भावंडाकडून धाकट्याकडे ही विद्या आपोआप येते. हीच विद्या पुढे वाढली, कागदाचे पक्षी, बेडूक, फुले होऊ लागली, की तिला आपण ‘ओरिगामी’ म्हणतो आणि ‘ती जपानी कला आहे’ असे सांगून मोकळे होतो. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतील. खरे पाहता ते अर्धेच बरोबर आहे. उरलेले अर्धे उत्तर कसे शोधून काढले गेले, हीच या लेखातली खरी गोष्ट.

नेहमी सांगितली जाणारी हकिकत अशी : कागदाचा शोध चीनमध्ये लागला, तेथून तो जपानात गेला आणि जपानी लोकांनी त्याच्या घड्या घालण्याची कला निर्माण केली. यातील कागदाविषयीचा भाग ठीक आहे. इ. स. १०५ मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने कागद करण्याची रीत चिनी सम्राटाला सादर केली. चीनच्या वायव्येकडील गान्सू प्रांतात त्याच्याही आधीचे, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले कागदाचे तुकडे मिळाले आहेत. जपानच्या ७२० मध्ये पूर्ण झालेल्या जुन्या इतिहासग्रंथात, ६१० साली कोरियातून आलेल्या एका बौद्ध भिक्षूला कागद व शाई उत्तम करता येत असे, अशी नोंद आहे. त्याने कागद प्रथमच आणला, असे मात्र त्या ग्रंथात म्हटलेले नाही. ते पुढे लोकांनी जोडले.

पण कागद होता म्हणून घडीची कला होती, असे म्हणता येईल का? उत्खननात गव्हाचे दाणे सापडले म्हणजे पुरणपोळी सापडली असे होत नाही. कागदाची कालगणना निराळी आणि घडीची निराळी. शिवाय आपला पुरावा फार नाजूक आहे. मडके फुटले तरी खापर हजारो वर्षे टिकते. कागदाचे खेळणे पाण्यात भिजते, पायाखाली येते, चुलीत जाते. म्हणून घडीकामाच्या इतिहासात तीनच साक्षीदार भरवशाचे मानायचे : ज्याची तारीख ठरवता येते असे चित्र, तारीख असलेला लेख, किंवा जपून ठेवलेली मूळ वस्तू. ‘फार पूर्वीपासून चालत आले आहे’ ही साक्ष नव्हे.

शब्दांवरही फार विसंबू नये. ‘ओरि’ म्हणजे घडी आणि ‘कामी’ म्हणजे कागद, मिळून ओरिगामी. जपानी भाषेत देवालाही ‘कामी’ म्हणतात. तेवढ्यावरून कागदाची घडी हे मुळात देवकार्य होते, असे सांगणारे लोक भेटतात. पण दोन्ही शब्दांची लिपीतील चिन्हे वेगळी आहेत. मराठीत वार म्हणजे घाव, वार म्हणजे दिवस आणि कापड मोजायचाही वारच! त्यावरून सोमवारचा तलवारीशी संबंध जोडावा, तसलाच हा प्रकार. जपानी देवळांत दोराला कागदाच्या नागमोडी पट्ट्या लावतात हे खरे. पण पवित्र स्थानाची खूण आणि खेळण्यातला पक्षी यांच्यामध्ये बरेच अंतर आहे.

‘ओरिगामी’ या शब्दाची हकिकत तर आणखी गमतीची आहे. मुळात हे नाव खेळण्याचे नव्हतेच. मोठा कागद आडवा दुमडून त्यावर पत्र किंवा भेटवस्तूंची यादी लिहीत, त्या कागदाला ओरिगामी म्हणत. पुढे तलवारींची पारख करणारे जाणकार ‘ही तलवार अमुक कारागिराची, अस्सल आहे’ असा दाखला अशाच घडीच्या कागदावर देऊ लागले. आजही जपानी भाषेत ‘ओरिगामी जोडलेली’ वस्तू म्हणजे खात्रीची वस्तू. घडीच्या खेळाला मात्र जुनी नावे ‘ओरिकाता’, ‘ओरिसुए’ अशी होती. तेव्हा जुन्या कागदपत्रांत ‘ओरिगामी’ हा शब्द दिसला म्हणजे तिथे कागदी पक्षी उडत होते, असे समजायचे कारण नाही.

जपानमधील साक्ष

आता खरे साक्षीदार बोलावू. जपानमधील सरदारघराण्यांत भेटवस्तू कशी बांधावी, याचे कडक शिष्टाचार होते. कोणती वस्तू, कोणासाठी, कोणत्या प्रसंगी, यांवरून वेष्टनाची घडी ठरे. हे शिष्टाचार शिकवणारी ओगासावारा आणि इसे यांसारखी घराणीच होती. त्यांपैकी इसे सादाताके याने १७६४ मध्ये वेष्टनांच्या घड्यांवर एक ग्रंथ लिहिला. शुभप्रसंगीच्या भेटीवर ‘नोशी’ लावण्याची चाल याच परंपरेतली. ॲबलोन नावाच्या समुद्री शंखातील प्राण्याचे मांस वाळवून त्याची पट्टी करायची, ती घडीच्या कागदात खोचायची आणि भेटीला जोडायची. आपण आहेराच्या रकमेवर एक रुपया वाढवतो, तशी ही शुभखूण. आता बहुधा तिचे छापील चित्रच वेष्टनावर असते.

लग्नसमारंभात मद्याच्या सुरयांना कागदाची नर-मादी फुलपाखरे बांधण्याचीही चाल होती. इहारा साइकाकु या कवी-लेखकाने १६८० साली रचलेल्या एका कवितेत अशा घडीच्या फुलपाखरांचा उल्लेख आहे. उल्लेख अगदी सहज केलेला आहे. याचा अर्थ, वाचकाला ती फुलपाखरे ठाऊक असणार, असे कवीने गृहीत धरले होते. इतिहासकाराला असा सहज आलेला उल्लेख फार आवडतो, कारण त्यात कोणी काही सिद्ध करायला बसलेले नसते.

१७३४ साली छापलेल्या, दारांवरील जाळीदार नक्षीच्या एका नमुनापुस्तकात तर घडीच्या वस्तूंची चित्रेच आहेत. त्यांत क्रौंच पक्षी आणि होडी ओळखू येतात. म्हणजे तोवर ही खेळणी इतकी परिचयाची झाली होती की घराच्या सजावटीतही शिरली होती.

मग १७९७ साली क्योतो येथे एक नवलाचे पुस्तक निघाले : ‘हिदेन सेन्बाझुरु ओरिकाता’, म्हणजे हजार क्रौंच घडण्याची गुप्त रीत. करमणुकीच्या घडीकामाचे हे सर्वांत जुने उपलब्ध छापील पुस्तक मानले जाते. त्यातील रचना कुवाना गावच्या गिदो नावाच्या बौद्ध भिक्षूच्या. पुस्तकात ४९ रचना आहेत आणि प्रत्येक रचनेत एकाच कागदातून एकमेकांना जोडलेले अनेक क्रौंच होतात. कसे? मोठ्या कागदावर चौरस आखायचे आणि ते कापायचे. पण कोपऱ्याशी केसाएवढा कागद जोडलेलाच ठेवायचा. मग प्रत्येक चौरसाचा वेगळा पक्षी घडायचा. तो नाजूक सांधा न तुटता सगळे घडून झाले, तर कुठे चोचीला चोच, कुठे पंखाला पंख जोडलेला थवा हाती येतो. जाड कागदावर हे करून पाहाल तर सांधा पहिल्याच पक्ष्याला फाटेल! जपानचा हाती केलेला, लांब तंतूंचा चिवट ‘वाशी’ कागदच हे सहन करू शकतो. म्हणजे कला कशी वाढावी, हे तिथला कागदही ठरवीत होता.

युरोपातील साक्ष

इथपर्यंत जपानची बाजू भक्कम दिसते. आता पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला जाऊ.

१६२९ साली, म्हणजे साइकाकुच्या कवितेच्या ५१ वर्षे आधी, इटलीतील पादुआ शहरात मात्तिया जेगेर याचे घड्यांवरचे पुस्तक छापले गेले. या घड्या कागदाच्या नव्हत्या, मेजावरच्या रुमालांच्या होत्या. श्रीमंतांच्या मेजवानीत खळ घातलेल्या कापडाला बारीक निऱ्या पाडून त्यांची जहाजे, किल्ले, मासे आणि पक्षी करीत. पंगतीच्या थाटासाठी एवढा खटाटोप! पण घडीने आकार निर्माण करण्याचे पद्धतशीर शास्त्र युरोपात तेव्हा होते, हे यावरून दिसते.

कागदाची साक्षही आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत जर्मनी, ऑस्ट्रिया या प्रदेशांत मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता नाणे भेट देई आणि सोबत शुभेच्छांचे सजवलेले पत्र. या पत्राची घडी ठरावीक असे : चौरसाचे चारही कोपरे मध्यावर आणायचे आणि पुन्हा एकदा तेच करायचे. अशी पत्रे संग्रहालयांत टिकून आहेत आणि त्यांवरच्या घडीच्या रेघा आजही मोजता येतात. इंग्रज नाटककार जॉन वेब्स्टर याच्या सुमारे १६१४ मधील ‘द डचेस ऑफ माल्फी’ या नाटकात, पोरे माश्या कोंडण्यासाठी कागदाचा तुरुंग करतात, असा उल्लेख येतो. आपण फुंकून फुगवतो त्या कागदी चेंडूचाच तो असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. स्पेनमध्ये ‘पाहारिता’ म्हणजे चिमणी नावाचा घडीचा पक्षी इतका लोकप्रिय आहे की मिगेल दे उनामुनो या नामवंत तत्त्वज्ञ लेखकाने १९०२ साली आपल्या एका कादंबरीच्या शेवटी या कागदी पक्ष्यांच्या ‘शास्त्रा’वर थट्टेचा प्रबंधच जोडून दिला!

स्पेनचे नाव निघाले की आणखी एक गोष्ट सांगतात : अरबांनी कागद स्पेनमध्ये नेला आणि त्याबरोबर घडीकामही नेले. पहिला भाग खरा आहे. बाराव्या शतकात स्पेनमध्ये कागद तयार होत होता. दुसऱ्या भागाला मात्र आपल्या तीन साक्षीदारांपैकी एकाचाही आधार नाही. पुन्हा तेच : गहू आणि पुरणपोळी.

घडीच्या रेघांची उलटतपासणी

दोन दूरच्या देशांत सारखीच विद्या दिसली, तर दोन शक्यता असतात. एकाने दुसऱ्याकडून घेतली असेल, किंवा दोघांनाही ती स्वतंत्रपणे सुचली असेल. हा निवाडा कसा करायचा? त्याचे साधन तुमच्या कंपासपेटीत आहे.

आपली नेहमीची होडी करा आणि पुन्हा पूर्ण उलगडा. कागदावर घडीच्या रेघांचे जाळे दिसेल. कोनमापक लावून रेघांनी कागदाच्या कडेशी केलेले कोन मोजा. ९० अंश किंवा ४५ अंश, तिसरा कोन मिळणार नाही. पाहारितामध्येही हेच, आणि बाप्तिस्म्याच्या पत्रातही हेच. युरोपातील जुन्या कागदी घड्या अशा ४५ अंशांच्या चौकटीत बसणाऱ्या आहेत.

आता जपानी क्रौंच करा. तो येत नसेल तर ज्याला येतो त्याच्याकडून शिकून घ्या. त्यात एका टप्प्याला चौरसाची कड कर्णावर आणून बसवावी लागते. चौरसाचा कोपरा ९० अंशांचा, कर्णाने तो दुभागला की ४५, आणि कड कर्णावर आणली की ४५ चा दुभाजक मिळतो, म्हणजे २२½ अंश. पुढे मान आणि शेपूट निमुळती करताना तोही दुभागला जातो : ११¼ अंश. जुन्या जपानी रचनांत या कोनदुभाजकांचा सुळसुळाट आहे. शिवाय तिथे कागद चौरसच असला पाहिजे असा दंडक नव्हता. कापलेले, षट्कोनी, चित्रविचित्र आकाराचे कागदही चालत.

हा कल झाला, नियम नव्हे. काही जुन्या जपानी रचनांतही सारे कोन ४५ अंशांचेच आहेत. पण विचार करा : युरोपने ही विद्या जपानकडून घेतली असती, तर क्रौंचासारखी सर्वांत सुंदर घडी मागे ठेवून बाकीचे घेतले असते का? क्रौंचाची ती मूळ घडी युरोपात दिसू लागते ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८८५ साली ‘ला नात्यूर’ या फ्रेंच विज्ञान साप्ताहिकात, शेपूट ओढली की पंख हलवणाऱ्या कागदी पक्ष्याची कृती छापून आली. हा पक्षी क्रौंचाच्याच घराण्यातला. आणि जपानने १६३९ पासून १८५४ पर्यंत परदेशी व्यवहार जवळजवळ बंद ठेवला होता, हेही विसरू नका. नागासाकीच्या बंदरातील डच व चिनी व्यापाऱ्यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर देशाची दारे मिटलेलीच होती. हे सारे एकत्र ठेवले म्हणजे अभ्यासकांचा निष्कर्ष पटतो : दोन्हीकडे ही विद्या स्वतंत्रपणे वाढली. कागद हा घडी घालून घेणारा पदार्थ आहे. तो ज्याच्या हाती पडेल त्याला तो आपला गुण दाखवतोच.

दोन प्रवाहांचा संगम

हे दोन प्रवाह एकत्र आले ते मात्र राजदरबारात नव्हे, बालवर्गात.

फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी शाळा काढली. १८४० मध्ये तिला त्याने ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. मुलाने हाताने करून शिकावे, हे त्याचे तत्त्व. चेंडू, लाकडी ठोकळे, काड्या यांच्याबरोबर कागदाच्या घड्याही त्याच्या पद्धतीत आल्या. त्याच चौरसातून कधी भूमितीचे सत्य काढायचे, कधी नुसती सुंदर नक्षी, तर कधी होडी किंवा टोपीसारखी व्यवहारातली वस्तू. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या शाळांवर बंदी घातली, पण फ्रोबेलच्या शिष्यांनी ही पद्धत देशोदेशी नेली.

१८७६ मध्ये तोक्यो येथे जपानचे पहिले सरकारी बालोद्यान निघाले आणि तिथे मुख्य शिक्षिका नेमली गेली ती क्लारा मात्सुनो ही जर्मन बाई. तिच्यासारख्यांच्या शिकवणुकीतून जर्मन घड्या जपानी मुलांच्या हाती पडल्या आणि आजीकडून शिकलेल्या क्रौंचाशेजारी जाऊन बसल्या. आज आपण ज्याला जपानी ओरिगामी म्हणतो, त्यात या दोन्ही घराण्यांचे रक्त आहे. मुलांच्या घडीकामासाठी विकल्या जाणाऱ्या रंगीत चौरस कागदांच्या गठ्ठ्यामागेही फ्रोबेलची ही शाळा उभी आहे.

हेच साधन आपल्या देशातही आले होते आणि इथे त्याने काही वेगळेच करून दाखवले. फ्रोबेलच्या पद्धतीच्या ‘आठव्या भेटी’त, म्हणजे शैक्षणिक साहित्याच्या संचात, रंगीत कागदाचे २०० चौरस, घडी दाबायची पट्टी आणि सूचनांची चित्रे असत. हा संच पाहून मद्रासकडील टी. सुंदरराव यांना एक कल्पना सुचली : कंपास न वापरता, केवळ घड्या घालून भूमिती किती करता येईल? १८९३ साली त्यांनी मद्रासमध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातला एक अगदी सोपा नमुना पाहा. चौरसाची खालची कड कख घ्या. चौरस उभा मधोमध दुमडून मध्यरेषा पाडा. आता क मधून जाणारी अशी घडी घाला की ख हा कोपरा मध्यरेषेवर येऊन टेकेल. तो जिथे टेकला त्या बिंदूला ग म्हणा. कख ही कडच फिरून कग झाली, म्हणून दोन्ही समान. आणि ग मध्यरेषेवर असल्याने गक आणि गख समान. झाला समभुज त्रिकोण, आणि ६० अंशांचा कोन फुकट! सुंदररावांच्या पुस्तकात याच रीतीने बहुभुजाकृती, श्रेढी, पुढे परवलयासारखे वक्रही येतात. फेलिक्स क्लाइन या थोर जर्मन गणितज्ञाने १८९५ मध्ये या पुस्तकाची दखल घेतली, आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. पुढे पुण्याच्या अरविंद गुप्ता यांनी विज्ञान खेळण्यांबरोबर जी जुनी पुस्तके सर्वांना मोफत वाचायला खुली केली, त्यांत हेही आहे.

सुंदरराव जिथे थांबले तिथून पुढची पायरी १९३६ साली मार्गेरिता बेलोक या इटालियन गणितज्ञ बाईने चढली. दोन बिंदू एकाच घडीने दोन वेगवेगळ्या रेषांवर बसवता येतात आणि त्यामुळे त्रिघाती समीकरण सुटते, हे तिने दाखवले. कोनाचे तीन समान भाग करणे पट्टी आणि कंपास यांना सर्वसाधारणपणे अशक्य आहे, हे तुम्ही वाचले असेल. कागदाच्या घडीला ते शक्य आहे.

आता राहिली ‘कला’. इथवर ज्या घड्या आपण पाहिल्या त्या लोकगीतांसारख्या होत्या. कोणी रचल्या ते बहुधा कोणालाच माहीत नव्हते. नवी घडी रचावी आणि चित्रकाराप्रमाणे तिला आपले नाव द्यावे, ही जाणीव विसाव्या शतकातली. तिचा सर्वांत मोठा मानकरी आकिरा योशिझावा (१९११–२००५). तोक्योतील एका लोखंडी ओतकामाच्या कारखान्यात तो कामाला होता आणि तेथील नव्या कामगारांना भूमिती समजावताना कागदाच्या घड्या वापरत असे. पुढे नोकरी सोडून त्याने घरोघर खाद्यपदार्थ विकले, दारिद्र्य सोसले, पण कागद सोडला नाही. १९५२ च्या जानेवारीत ‘आसाही ग्राफ’ या सचित्र नियतकालिकात त्याने घडलेले जपानी राशिचक्राचे बारा प्राणी छापून आले आणि तो एकदम प्रसिद्धीस आला. कागद किंचित ओलसर करून त्याला मूर्तीसारखी गोलाई देण्याची युक्ती त्याचीच. १९५५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात त्याच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरले. मुलांचा खेळ मानलेली वस्तू चित्र-शिल्पांच्या दालनात जाऊन बसली.

योशिझावाचे आणखी एक काम मला त्याच्या प्राण्यांहूनही मोलाचे वाटते. १९५४ च्या आपल्या पुस्तकात त्याने घडी लिहिण्याची लिपी रुळवली : तुटक रेघ म्हणजे घडी आतल्या बाजूला, रेघ-टिंब म्हणजे बाहेरच्या बाजूला, आणि कागद कुठून कुठे न्यायचा ते सांगणारे बाण. सॅम्युअल रँडलेट या अमेरिकन लेखकाने १९६१ मध्ये तिच्यात थोडी भर घातली आणि ती जगभर चालू लागली. जपानी पुस्तकातले एक अक्षरही न वाचता येणारा साताऱ्याचा मुलगा त्यातला बेडूक घडू शकतो, तो या रेघांमुळे.